चालक-आज्ञावलीचे परीक्षण
संगणकाच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजेच कर्नेलमधील, एखाद्या उपकरणाच्या चालकात सुचविलेला बदल स्वीकारण्यापूर्वी तो लिहिणाऱ्याखेरीज अन्य जाणकारांनी ओळ न् ओळ तपासण्याची पद्धत. चालक म्हणजे ड्रायव्हर. उपकरणातील रजिस्टरे वाचणे व त्यांत लिहिणे, उपकरणाकडून येणाऱ्या व्यत्यय-संकेतांना प्रतिसाद देणे आणि उपकरण व स्मृती यांच्यातील माहितीची ने-आण करणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. सामान्य आज्ञावलीत चूक झाल्यास बहुधा तेवढीच आज्ञावली बंद पडते. गाभ्यात चालणाऱ्या चालकावर असे बंधन नसते. त्यामुळे चुकीच्या जागी केलेले एकच लेखन संपूर्ण यंत्रणा थांबवू शकते व प्रसंगी उपकरणही निकामी करू शकते.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स गाभ्याच्या आजच्या संहितेचा अर्ध्याहून अधिक भाग चालकांनी व्यापलेला आहे. तेथे प्रत्येक बदल लहान व स्वतंत्र असावा आणि त्याचे कारण सोबत लिहिलेले असावे, असा दंडक आहे. परीक्षणानंतर त्या विभागाचा परिरक्षक तो बदल स्वीकारून वरच्या परिरक्षकाकडे पाठवितो.

परीक्षक पुढील गोष्टी विशेषत्वाने पाहतो : (१) दोन प्रक्रियक, किंवा व्यत्यय-संकेत व चालू काम, एकाच वेळी त्याच माहितीला हात घालीत असल्यास ती कुलूपबंद केली आहे काय. (२) प्रारंभाची एखादी पायरी फसल्यास तोवर मिळविलेली साधने उलट क्रमाने परत केली जातात काय. (३) उपकरणाने कळविलेली लांबी पडताळल्यावाचून वापरली आहे काय. (४) उपकरण काढून घेतल्यावर, स्मृती मुक्त करण्यापूर्वी, कालमापक व व्यत्यय थांबविले आहेत काय. पुष्कळदा परीक्षकाजवळ ते उपकरण नसते. अशा वेळी निर्मात्याची माहितीपुस्तिका आणि लेखकाने घेतलेल्या चाचण्या यांवरच त्याची भिस्त असते.

या पद्धतीची मर्यादा २००८ मध्ये दिसून आली. लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रतींत इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची स्थायी स्मृती दूषित होऊन ती निरुपयोगी होऊ लागली. संशय ई१०००ई या त्यांच्या चालकावर आला व स्थायी स्मृतीला लेखनापासून संरक्षण देणारे बदल त्यात करण्यात आले. मूळ दोष मात्र गाभ्यातील एफट्रेस या फलन-अनुरेखन सुविधेत निघाला. चालकांची प्रारंभीची संहिता काम संपताच स्मृतीतून काढली जाते. तिचे मोकळे झालेले पत्ते पुढे कार्डाच्या स्थायी स्मृतीला दिले गेले, तरी जुन्या नोंदींवर विसंबून एफट्रेस तेथे लेखन करीत राहिली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिचा हा भाग तात्पुरता बंद करण्यात आला.

बदललेल्या ओळी निर्दोष असल्या, तरी त्या ज्या स्मृतीत वावरतात तिच्यावर इतरांचाही अधिकार चालतो, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून वाचनाच्या जोडीला संहितेचे स्वयंचलित विश्लेषण आणि प्रत्यक्ष उपकरणांवरील चाचण्या आवश्यक ठरतात. तथापि कुलपांचा क्रम व साधने परत करण्याची रीत यांमागील हेतू ओळखण्यास अनुभवी वाचकाची जागा या साधनांना पूर्णपणे घेता येत नाही.