दिवसा सोळा मीटर, रात्री एकेचाळीस

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची शॉर्टवेव्ह केंद्रे आपल्या जागा बदलतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू झालेला उन्हाळी हंगाम त्या दिवशी संपतो आणि हिवाळी वेळापत्रक लागू होते. उत्तर गोलार्धात रात्री लांबतात आणि कालपर्यंत वरच्या फ्रिक्वेन्सीवर स्वच्छ लागणारे केंद्र खालच्या पट्ट्यात येऊन बसते. आपल्याकडे हा बदल दिवाळीच्या आगेमागे होतो. पावसाळ्यातल्या विजांनी होणारी कडकड तोवर ओसरलेली असते, अंधार लवकर पडतो आणि रात्रीचे पट्टे भरून वाहू लागतात. नवा रेडिओ घ्यायचा असेल किंवा माळ्यावरचा जुना खाली काढायचा असेल, तर महाराष्ट्रात याहून चांगला काळ नाही.

शॉर्टवेव्ह संपली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७च्या अखेरीस शॉर्टवेव्ह बंद केली. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबली. मार्च २०२५मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकाचे बहुतेक प्रसारण अचानक शांत झाले. पण २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा त्याच बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी शॉर्टवेव्हवर रोज चार तासांच्या इंग्रजी बातम्या नव्याने सुरू केल्या. मनोरे पडले, इंटरनेट तोडले गेले, संकेतस्थळे अडवली गेली, तरी हजारो किलोमीटरवरून आलेली लहर खिशातल्या रेडिओत उतरते. मध्ये कोणी कंपनी नाही, बिल नाही, आणि कोण काय ऐकतो याची नोंद कुठेही होत नाही. मला हे शेवटचे फार मोलाचे वाटते.

मुंबईला तर हे शिकवायलाच नको. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’च्या धामधुमीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ याच शहरातून ४२.३४ मीटरवर बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला आणि १२ नोव्हेंबरला छाप्यात पकडला गेला. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७०८५ किलोहर्ट्झ. तीनशेला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात, एवढे गणित लक्षात ठेवले की जुन्या तबकडीवरचे आणि नव्या पडद्यावरचे आकडे एकमेकांशी जुळतात. त्याच वर्षी बीबीसीने लंडनहून मराठी प्रसारणही सुरू केले. ते १९५८पर्यंत ऐकू येत होते. पुढे १९५५मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र सुरू केले. पोर्तुगीज आणि कोकणीतून बोलणारे ते केंद्र नंतर कॅसलरॉकच्या जंगलात हलले आणि १९६१पर्यंत चालले.

रेडिओ कोणता घ्यावा, हे विचारण्याआधी लहर येते कशी, ते समजून घ्यायला हवे. निम्म्या लोकांची निराशा तिथेच टळते. ‘रेडिओ आणला, दुपारी लावला, एकही स्टेशन नाही’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि दहापैकी नऊ वेळा रेडिओ ठणठणीत असतो. चुकलेला असतो तो पट्टा.

पृथ्वीच्या वर सुमारे ६० किलोमीटरपासून आयनांबर सुरू होते. सूर्याच्या किरणांनी तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. सगळ्यात वरचा एफ थर साधारण २०० ते ४०० किलोमीटरवर असतो आणि तोच शॉर्टवेव्हला वळवून पुन्हा जमिनीवर पाठवतो. अशा एका उडीत लहर तीन-साडेतीन हजार किलोमीटर जाते. जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून पुन्हा उडाली तर खंड ओलांडते. सगळ्यात खालचा डी थर मात्र आडवा येतो. तो दिवसा जागा असतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो जवळजवळ नाहीसा होतो. त्याच वेळी वरचा थरही विरळ होत जातो आणि जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींना वळवणे त्याला झेपत नाही. त्या अवकाशात निघून जातात.

म्हणजे दिवसा १३, १६ आणि १९ मीटर. दिवेलागणीला १९, २५ आणि ३१. रात्र चढली की ३१, ४१ आणि ४९. पहाटे पुन्हा उलटा प्रवास. दुपारी बारा वाजता ४९ मीटरवर लांबचे केंद्र शोधणे व्यर्थ आहे आणि मध्यरात्री १३ मीटरवरही बहुधा शांतताच भेटेल. सूर्योदय आणि सूर्यास्ताची अर्धा-पाऊण तासाची वेळ मात्र कधीही चुकवू नये. डी थर विरत असतो आणि वरचा थर अजून भक्कम असतो, अशा संधिकाळात एरवी न लागणारी केंद्रे काही मिनिटे स्पष्ट बोलून जातात.

यातली एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. जवळचे केंद्र न लागता दूरचे लागते. लहर वर जाऊन खाली येते ती ठरावीक अंतरावरच, त्यामुळे मधला पट्टा कोरडा राहतो. शिवाय सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र असते. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा भर २०२४च्या सुमारास होता. त्याच्या पुढची काही वर्षेही दिवसाच्या वरच्या पट्ट्यांना बरी जातात. नंतर १३ मीटर हळूहळू ओस पडतो आणि खालच्या पट्ट्यांचे महत्त्व वाढते.

आता खरेदी. बाजारात ‘आठ बँड’, ‘दहा बँड’ असे छापलेले, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ असलेले स्वस्त संच ढिगाने मिळतात. स्थानिक एफएमसाठी ते ठीक आहेत, शॉर्टवेव्हसाठी घेऊ नयेत. त्यांच्या तबकडीवर बोटभर जागेत दोन-तीन मेगाहर्ट्झ कोंबलेले असतात. शॉर्टवेव्हची केंद्रे पाच-पाच किलोहर्ट्झवर बसलेली असतात, त्यामुळे आपण नेमके कुठे आहोत हे काट्यावरून कळत नाही. शिवाय संच तापला की केंद्र सरकते. म्हणून माझी पहिली अट आकडी पडद्याची, आणि शक्य असेल तर फ्रिक्वेन्सी थेट टाइप करण्याच्या बटणांची. वेळापत्रकात ९५०० वाचले, ९५०० दाबले आणि ऐकले, इतके ते सरळ असायला हवे.

दुसरी अट एसएसबीची, म्हणजे सिंगल साइडबँड ऐकण्याच्या सोयीची. सामान्य प्रसारण ऐकायला तिची गरज नसते, आणि दुकानदारही ती हौशी लोकांची चैन म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. प्रसारण केंद्रे कमी होत असताना हॅम म्हणजे हौशी प्रक्षेपक मंडळी, विमानांचे हवामान वृत्त, जहाजांचे संदेश हे सगळे एसएसबीवरच आहे. त्याशिवाय घेतलेला रेडिओ शॉर्टवेव्हचा निम्माच दरवाजा उघडतो. तिसरी गोष्ट बँडविड्थ बदलण्याची सोय. शेजारचे दांडगे केंद्र घुसू लागले की सहा किलोहर्ट्झवरून तीनवर यायचे. आवाज थोडा बसका होतो, पण शब्द सुटे होतात. स्पीकर मोठा असावा की लहान, बाह्यरूप कसे असावे, याची चर्चा मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. रात्री इअरफोन लावूनच खरे ऐकणे होते.

या सगळ्या अटींत बसणारे संच आज मुख्यतः चीनमधून येतात. टेकसनचा पीएल-३३० तळहाताएवढा आहे, त्यात एसएसबी आहे आणि जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी त्याला चालते. ती आपल्याकडे कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. एक्सएचडेटाचा डी-८०८ थोडा मोठा आहे, एसएसबीबरोबर विमानांचा व्हीएचएफ पट्टाही देतो आणि १८६५० सेलवर चालतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने या दोहोंपैकी एक घ्यावा, असे मी सांगेन. टेकसनचेच पीएल-८८० आणि पीएल-९९० आवाजात सरस आहेत, पण किंमत बरीच वर जाते, आणि तो फरक कळायला आधी कान तयार व्हावा लागतो. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जीआर अजूनही अनेकांच्या कपाटात आहे. त्याचे उत्पादन २०१८मध्ये थांबले. चांगल्या स्थितीतला मिळाला तर सोडू नये. मात्र विकत घेण्यापूर्वी रात्री खिडकीशी बसून सगळे पट्टे फिरवून बघावेत, कारण जुने कपॅसिटर थकलेले असू शकतात. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क हिशेबात धरा. रेडिओसाठी पोस्टातून वर्षाचा परवाना काढण्याची पद्धत ऐंशीच्या दशकातच गेली.

संच घरी आला की पहिले काम त्याला घरातल्या गोंगाटापासून दूर नेण्याचे. शॉर्टवेव्हचा आजचा मोठा शत्रू आपल्याच घरात आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, वायफायचा राउटर, टीव्हीचा डबा, या सगळ्यांतली वीजपुरवठ्याची सर्किटे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्याची खरखर सगळ्या पट्ट्यावर पसरते. दिवाळीत त्यात चिनी दिव्यांच्या माळांची भर पडते. काही माळा तर चार मजल्यांपर्यंत ऐकू येतात. उपाय सोपा आहे. रेडिओ अडॅप्टरवर न लावता बॅटरीवर चालवावा. मग तो हातात धरून घरभर फिरावे, एकेक बटण बंद करून बघावे आणि सगळ्यात शांत कोपरा शोधावा. सिमेंटच्या इमारतीत सळयांमुळे लहर आत येत नाही, त्यामुळे हा कोपरा बहुधा खिडकीचा किंवा बाल्कनीचा निघतो. गच्चीवर जाता आले तर उत्तमच. आणि कोकणात किंवा देशावर गावी गेलात, रात्री वीज गेली, तर रेडिओ लगेच बाहेर काढा. अशी स्वच्छता शहरात कधीच मिळत नाही.

एरियलसाठी फार खर्च करू नये. पाच-सात मीटर साधी इन्सुलेटेड तांब्याची तार, एका टोकाला चिमटा, तो दांडीच्या एरियलला लावायचा, आणि तार विजेच्या वायरींपासून लांब, खिडकीबाहेर किंवा पडद्याच्या दांडीवर सोडायची. फरक थक्क करणारा असतो. पण खूप लांब तारेचा मोह आवरावा. छोट्या संचांना जादा ताकद सोसत नाही. दांडगी केंद्रे मग भलत्याच ठिकाणी उमटतात. असे झाले की ‘लोकल-डीएक्स’ची खिटी लोकलकडे करावी किंवा तार तोडून अर्धी करावी. आणि वळिवाचे ढग दिसले की बाहेरची तार रेडिओपासून काढून ठेवावी. यात टाळाटाळ नको.

कुठून सुरुवात करावी? रात्री १०००० किलोहर्ट्झ लावावे. चीनच्या बीपीएम या कालसंकेत केंद्राची टिकटिक ऐकू आली तर रेडिओ, एरियल आणि आकाश तिन्ही ठीक आहेत असे समजावे. मग ३१ मीटर, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, पाच-पाच किलोहर्ट्झने हळूहळू फिरावे. चायना रेडिओ इंटरनॅशनल इतक्या ठिकाणी लागेल की नवख्याला वाटेल तेवढेच आहे. पण त्याच्या फटींत तुर्कस्तान, रुमानिया, कोरिया, जपान, बीबीसीची इंग्रजी सेवा सापडते. बटण झपाट्याने फिरवू नये. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो, आणि उतार असताना आपण पुढे गेलो तर चांगले केंद्र हुकते. एका जागी अर्धा मिनिट तरी थांबावे.

सकाळी एसएसबीमध्ये एलएसबी (खालचा साइडबँड) निवडून ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ फिरा. महाराष्ट्रातले हॅम एकमेकांना हाका मारताना, हवामान आणि एरियलची चौकशी करताना ऐकू येतील, बऱ्याचदा चक्क मराठीत. आवाज बदकासारखा वाटला तर बारीक ट्यूनिंग एकेक पायरी फिरवायचे. माणसाचा आवाज माणसासारखा झाला की थांबायचे. दहा मेगाहर्ट्झच्या वर हीच मंडळी यूएसबी (वरचा साइडबँड) वापरतात. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो, त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा असते. यूएसबीवरच ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ हे विमानांच्या हवामान वृत्ताचे आकडे. मुंबई, कराची, बँकॉक, सिंगापूर अशी केंद्रे तिथे आपापल्या मिनिटाला विमानतळांचे वारे, दृश्यता, तापमान वाचून दाखवतात.

वेळापत्रकासाठी ईआयबीआयची मोफत यादी इंटरनेटवर दर हंगामात मिळते. तिच्यातल्या वेळा जागतिक असतात. त्यात साडेपाच तास मिळवायचे. एक वही ठेवावी आणि तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकले, हे लिहीत जावे. केंद्राला अहवाल पाठवायचा तर हेच लागते, सोबत सिनपोचे पाच आकडे: ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ‘कार्यक्रम आवडला’ एवढेच लिहून भागत नाही. निवेदकाने काय सांगितले, कोणते वाद्य वाजले, असे दोन-चार तपशील हवेत, म्हणजे आपण खरोखर ऐकले हे त्यांना पटते. अहवाल जुळला की बरीच केंद्रे अजूनही ऐकल्याची पोच म्हणून टपालाने क्यूएसएल कार्ड पाठवतात. आपण कमजोर आवाजाला पाचपैकी पाच दिले तर प्रक्षेपक सांभाळणाऱ्या अभियंत्याला त्याचा काही उपयोग होत नाही. दोन असेल तर दोनच लिहावेत, आणि अडथळा कोणत्या फ्रिक्वेन्सीवरच्या कोणत्या भाषेचा होता तेही नोंदवावे. पुढच्या हंगामाची जागा ठरवताना त्यांना हेच पाहायचे असते.