लाल घोरपडीची माणसं

४ डिसेंबर २०२३ रोजी मिझोराम विधानसभेची मतमोजणी झाली. साउथ तुइपुई मतदारसंघात झोरम पीपल्स मूव्हमेंटच्या एका नवख्या उमेदवाराने राज्याच्या विद्यमान आरोग्यमंत्र्यांना पाडलं. फरक फक्त १३५ मतांचा. हा उमेदवार म्हणजे जेजे लालपेखलुआ. वय ३२, भारतासाठी २३ आंतरराष्ट्रीय गोल, आणि त्याच वर्षी फुटबॉलमधून निवृत्त. अठरा वर्षांचा असताना हा मुलगा मिझोरामच्या डोंगरातून थेट पुण्याला आला होता. त्याच्या विजयाची चर्चा शनिवार पेठेतल्या एखाद्या कट्ट्यावर झाली असेल असं मला वाटत नाही. खरं तर जेजेची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली ती आपल्याच शहरात, पुणे एफसी नावाच्या क्लबात.

हा क्लब आता नाही. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने तो उभा केला आणि २०१५ मध्ये बंद केला. मोठ्या चषकांच्या हिशेबाने पाहिलं तर कपाट जवळजवळ रिकामंच. पण या क्लबात खेळून गेलेली मुलं पुढे कुठे पोचली याची यादी करायला बसलं की थक्क व्हायला होतं.

शनिवार पेठेकडे फुटबॉल फिरकला नाही याला इतिहास आहे. पुण्यातला फुटबॉल वाढला तो कॅम्प, खडकी, घोरपडी अशा लष्कराच्या आसपासच्या भागात. पेठांचा खेळ क्रिकेट, आणि त्याच्या जोडीला खो-खो, कबड्डी, मल्लखांब. रमणबागेच्या शेजारी वाढलेल्या मुलाला प्राध्यापक देवधरांची रणजीतली कामगिरी तोंडपाठ असायची. देशात आय-लीग नावाची फुटबॉलची साखळी असते हे त्याला टीव्हीने सांगितलं. त्यात पुणे एफसीचं घरचं मैदान बालेवाडीला, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. नदी ओलांडा, विद्यापीठ चौकात अडका, मग औंध किंवा बाणेर, आणि मग बालेवाडी. सामना संपवून घरी परत यायला रात्र. पेठेतल्या माणसाच्या लेखी बालेवाडी हे तेव्हा परगावच होतं, आणि क्लबाने कितीही जाहिराती केल्या तरी हे अंतर काही कमी झालं नाही.

क्लबाचं टोपणनाव ‘रेड लिझर्ड्स’. सिंहगडाच्या पायथ्याशी नांदणाऱ्या गावाने घोरपड मिरवावी यात नवल नाही. ही लाल घोरपड चढलीही भराभर. आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत सुरुवात, २००९ मध्ये वरच्या श्रेणीत बढती, आणि वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, देशात तिसरा क्रमांक. गोवा आणि कोलकात्याच्या जुन्याजाणत्या क्लबांना हे पचायला जड गेलं असणार. तेव्हा संघ डेरिक परेरांच्या हाती होता. हे गोव्याचे, भारताचे माजी बचावपटू. त्याआधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनीच जिंकून दिली होती. २०१२-१३ मध्ये पुणे एफसी उपविजेता ठरला. विजेतेपद गेलं चर्चिल ब्रदर्सकडे. एवढ्या बळावर २०१४ मध्ये क्लब आशियाई पातळीवर एएफसी कपमध्येही खेळला.

त्या संघातली माणसं पाहा. गोलात उभा असायचा सुब्रत पाल. जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, पण दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने अडवलेले फटके पाहून लोक त्याला ‘स्पायडरमॅन’ म्हणू लागले. तेव्हा तो पुण्याचा खेळाडू होता. पुढे अनेक क्लब झाले, २०१६ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि निवृत्तीनंतर २०२४ मध्ये तो वरिष्ठ राष्ट्रीय संघाचा संचालक झाला.

मधल्या फळीत होता अराता इझुमी, आणि याची गोष्ट एका कादंबरीला पुरेल. १९८२ मध्ये जपानमधल्या शिमोनोसेकीला जन्म. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. २००६ मध्ये तो ईस्ट बंगालसाठी खेळायला भारतात आला, मग महिंद्रा युनायटेड, मग पुणे. पुण्यात तो असा रुजला की भारताकडून खेळायची इच्छा त्याने मनात धरली. पण आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय पारपत्र नसलेल्याला राष्ट्रीय संघात जागा नाही. जपानचं पारपत्र हे जगातल्या सर्वांत वजनदार पारपत्रांपैकी एक. ते त्याने परत केलं आणि २०१२ मध्ये नीलकंठ खंबोळजा या नावाने भारताचा नागरिक झाला. २०१३ मध्ये, वयाची तिशी ओलांडल्यावर, त्याने निळा शर्ट घातला. परदेशस्थ भारतीय वंशाच्या खेळाडूंना संघात घ्यावं का, हा वाद आपल्याकडे आजही रंगतो. त्यात आकडेमोड फार होते. एका माणसाने यासाठी काय सोडलं होतं याची आठवण क्वचितच निघते. नंतर तो नवी मुंबईतल्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या अकादमीत प्रशिक्षक झाला.

पण माझ्या मते पुणे एफसीचं खरं काम मैदानावर नाही, देहूरोडजवळच्या मामुर्डीला झालं. तिथे क्लबाची निवासी अकादमी होती. तेव्हाच्या भारतीय क्लबांमध्ये पैसा वरच्या संघावर आणि परदेशी खेळाडूंवर उधळण्याची रीत होती. मुलं घडवण्यावर इतका खर्च करणारे क्लब बोटांवर मोजण्याइतके. पंजाबमधल्या माहिलपूरचा अमरिंदर सिंग हा गोलरक्षक कोवळ्या वयात पुण्यात आला. दहा वर्षांनी, २०२०-२१ मध्ये, त्याच्या कप्तानपदाखाली मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगची (आयएसएल) साखळी ढाल आणि करंडक दोन्ही एकाच हंगामात जिंकले. मलप्पुरमचा आशिक कुरुणियन २०१४ मध्ये अकादमीत आला तेव्हा शाळकरी वयाचाच होता. पुढच्याच वर्षी क्लब बंद पडला.

का बंद पडला? थोडक्यात सांगायचं तर देशाच्या फुटबॉलमध्ये दोन चुली मांडल्या गेल्या. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. चित्रतारका, मोठे पुरस्कर्ते, टीव्हीवर रोज सामना. आय-लीग कागदोपत्री सर्वोच्च, पण प्रेक्षक आणि पैसा दुसरीकडे. आय-लीगमध्ये वर्षानुवर्षे गुंतवणूक करणाऱ्या मालकाला पुढे काय, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुण्यात तर हद्द झाली. कल्याणी समूहाचा भारत एफसी एक हंगाम खेळला आणि पुणे एफसीबरोबरच २०१५ मध्ये गेला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनी बाहेर पडला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी उरला होता, मामुर्डीची अकादमीही त्यानेच घेतली होती. २०१९ मध्ये तोही संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. तिसऱ्याच हंगामात, २०२१-२२ मध्ये, हैदराबादने आयएसएल जिंकली. त्या संघात पुण्याहून गेलेली मुलंही होती. चार वर्षांत चार क्लब गमावणारं दुसरं शहर देशात मला तरी ठाऊक नाही.

क्लब बुडाला की खेळाडू उघड्यावर पडतो. पूर्वी मुंबई-गोव्यात खेळाडूंचं भवितव्य असं अधांतरी नसायचं. महिंद्रा, मफतलाल, टाटा, एअर इंडिया, रेल्वे या संघांत खेळणारा माणूस खेळ संपला की त्याच कंपनीत टेबलावर बसायचा, बढत्या घ्यायचा, साठीला सेवानिवृत्त व्हायचा. त्यातून फुटबॉल फार पुढे गेला असं नाही, पण घर चालायचं. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडने दुकान बंद केलं, पुढच्या वर्षी पंजाबच्या जेसीटीने. त्या जागी आला करार. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा. पगार मोठा, पण गुडघा गेला की सगळं संपलं. पुणे एफसी ही या नव्या व्यवस्थेतली चांगली, नेटकी संस्था होती. तरीही ती बंद झाली तेव्हा तिथल्या प्रत्येकाला नवी दारं ठोठावावी लागली.

इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतला क्लब दिवाळखोरीत गेला तर काय होतं? १९९२ मध्ये ऑल्डरशॉट हंगाम संपण्याआधीच बुडाला. समर्थकांनी त्याच मैदानावर नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या श्रेणीतून सुरुवात केली आणि २००८ मध्ये पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये आणून बसवला. विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं तेव्हाही लोकांनी २००२ मध्ये आपला वेगळा क्लब उभारला. तिथे खाली उतरण्याचीही एक वाट आहे आणि तिथून वर येण्याचीही. आपल्याकडे आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाण्याचं दार पहिल्यांदा उघडलं ते २०२३ मध्ये, पंजाब एफसीसाठी. पुणे एफसीसाठी ते आठ वर्षं उशिरा उघडलं.

क्लब गेला तरी त्याची माणसं खेळत होती. ६ जानेवारी २०१९ ची संध्याकाळ घ्या. अबुधाबी, आशिया चषक, भारत विरुद्ध थायलंड. आशिया चषकात १९६४ नंतर भारताने एकही सामना जिंकला नव्हता. सुनील छेत्रीच्या जोडीला आघाडीवर आशिक कुरुणियन. त्याचा चेंडू थायलंडच्या बचावपटूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली, पहिला गोल झाला. राखीव गोलरक्षकांत अमरिंदर. उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या जेजेने चौथा गोल केला. भारत ४–१ ने जिंकला, आणि बचावाच्या मध्यावर संदेश झिंगनच्या शेजारी होता अनस एडथोडिका.

अनस हा मलप्पुरमचा. तरुणपणी घरखर्चाला हातभार म्हणून त्याने रिक्षा चालवली होती. २०११ ते २०१५ ही उमेदीची चार वर्षं त्याने पुणे एफसीच्या बचावात काढली, आणि राष्ट्रीय संघाची हाक काही आली नाही. ती आली २०१७ मध्ये, वयाच्या तिशीत. तोवर पुणे एफसी बंद होऊन दोन वर्षं होत आली होती. थायलंडनंतर आठ दिवसांनी बहारीनविरुद्ध सुरुवातीच्याच मिनिटांत तो जखमी होऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत निर्णय मागे घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्याला बांगलादेशविरुद्ध पुन्हा भारताकडून उतरला.