मानसिक थकवा आणि परीक्षकाची विश्रांती

मानसिक थकवा म्हणजे आळस, असा समज अध्यापकवर्गातही आढळतो. वस्तुतः या थकव्याच्या प्रारंभीच्या प्रायोगिक नोंदींपैकी एक नोंद अध्यापकाचीच आहे. इटलीतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी बोटाने वजन उचलण्याची क्षमता आलेखित करणारे 'अर्गोग्राफ' हे उपकरण सिद्ध केले. विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेतल्यानंतर त्यांच्या एका सहकाऱ्याचे बोट नेहमीपेक्षा बरेच लवकर थकले. बोटाला श्रम पडलेच नव्हते! मोस्सो यांच्या १८९१ च्या ग्रंथात हे निरीक्षण आले आहे.

२०२२ मध्ये पॅरिस येथील संशोधकांना, सुमारे सहा तास कठीण बौद्धिक कामे केलेल्या व्यक्तींच्या मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचे प्रमाण वाढलेले आढळले. या व्यक्ती कमी श्रमाच्या व लवकर मिळणाऱ्या लाभाची निवड अधिक करू लागल्या. हलकी कामे करणाऱ्या गटात असा बदल आढळला नाही. ही वाढ हेच थकव्याचे कारण, असे मात्र अद्याप म्हणता येत नाही.

उत्तरपत्रिका तपासताना हा प्रश्न केवळ परीक्षकाच्या प्रकृतीचा उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, थकलेला परीक्षक काम थांबवीत नाही. तो सोपा निर्णय घेतो. ओळखीचे शब्द दिसले की सरासरी गुण देऊन पान उलटले जाते. गठ्ठ्याच्या तळाशी असलेल्या विद्यार्थ्याचा यात काय दोष? चहातील कॅफिन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम रोखून पेंग तेवढी लांबविते. झोपेची गरज कायम राहते. म्हणून गठ्ठा संपण्याची वाट न पाहता मध्येच उठावे, आणि त्या वेळात दुसरे वाचन हाती घेऊ नये.