एका गुणाची किंमत
(मैदान वाचताना : लेखांक ६)

दिवाळीनंतर मंडईचे दिवस लागले, की भंडारा जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. ते बहुधा बाद पद्धतीचे असतात. हरलेला संघ त्याच रात्री गावाची वाट धरतो. अशा सामन्यांवर वाढलेली आपली नजर आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या गटसामन्याकडेही तशीच वळते : जिंकलो की हरलो एवढेच विचारायचे, आणि बरोबरी झाली तर संध्याकाळ फुकट गेली म्हणून टीव्ही बंद करायचा. गटसामना मात्र तीन सामन्यांच्या हिशेबातली एक नोंद असतो. त्याचा आधीचा अंदाज आणि नंतरचा निकाल, दोन्ही गुणतक्ता समोर ठेवूनच वाचावे लागतात. हे पटवायला आपल्याच राज्यात झालेली एक स्पर्धा पुरेशी आहे.

२०२२ चा महिला आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे वाशीचा आणि तुमसरचा फुटबॉलवेडा दोघेही पडद्यापासून सारख्याच अंतरावर होते. १२ संघ, चारचार संघांचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वांत सरस दोन असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जाणार होते. पुढे आशियातल्या पाच संघांना २०२३ च्या विश्वचषकाचे थेट तिकीट होते. भारताच्या गटात चीन, चायनीज तैपेई आणि प्रथमच पात्र ठरलेला इराण. २० जानेवारीला दुपारी चीनने तैपेईला ४-० हरवले आणि त्याच संध्याकाळी डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत इराणविरुद्ध उतरला. चीन पहिला येणार हे जवळपास ठरलेले होते. उरलेल्या तिघांत दुसरे कोण आणि तिसरे कोण, एवढाच प्रश्न होता. म्हणून सामन्याआधीचा शहाणा अंदाज ‘भारत जिंकेल का’ इथे थांबणारा नव्हता. ‘किती गोलांनी जिंकावे लागेल’ हे त्याने विचारायला हवे होते. भारताने चढाया केल्या, दांगमेई ग्रेसचा हेडर गोलरक्षक झोहरे कुदाईने अडवला आणि सामना ०-० सुटला.

बरोबरीवर निराशा झाली, आणि तिला आधारही होता. त्याच इराणवर पुढे चीनने ७ आणि तैपेईने ५ गोल चढवले. ज्या संघाविरुद्ध गोलफरक कमवायचा, तिथेच आपली पाटी कोरी राहिली, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरून ‘आपले आव्हान पहिल्याच दिवशी संपले’ असे म्हणणे चूक होते, आणि याचा पुरावा त्याच स्पर्धेतला व्हिएतनाम देतो. त्यांच्या गटात जपान आणि दक्षिण कोरिया होते. दोघांकडूनही व्हिएतनाम ०-३ असा हरला. म्यानमारशी २-२ अशी बरोबरी झाली आणि तीन सामन्यांत मिळाला अवघा एक गुण. म्यानमारलाही एकच गुण होता, पण जपानकडून पाच आणि कोरियाकडून दोन गोल खाल्ल्याने त्यांचा गोलफरक उणे सात, तर व्हिएतनामचा उणे सहा. त्या एका गोलाने व्हिएतनाम तिसरा आला आणि तिसऱ्या क्रमांकांच्या तुलनेत टिकून उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे चीनकडून १-३ असा हरला, तरी नंतरच्या पात्रता लढतींत त्याने थायलंडला २-० आणि तैपेईला २-१ असे नमवून विश्वचषक गाठला. गटात एकही विजय नसलेला संघ! हरलेल्या सामन्यात चौथा गोल न खाणे हीसुद्धा कमाई असते, ती अशी.

भारताला हा हिशेब पूर्ण करताच आला नाही. २३ जानेवारीला तैपेईविरुद्ध नियमाने लागणारे किमान १३ खेळाडूही संघापाशी उरले नाहीत, कारण शिबिरात कोविड शिरला होता. सामना रद्द झाला, भारताने माघार घेतली असे मानले गेले आणि इराणविरुद्धची बरोबरीही नोंदीतून पुसली गेली. पुसलेल्या गुणावर एवढा खल कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे कारण असे : भारत मैदानावर बाद झाला नव्हता. ‘मुलींना इराणलाही हरवता आले नाही’ एवढेच वाक्य लक्षात ठेवणे त्या संघावर अन्याय करणारे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकडेमोड खेळाचा जीव घेते, असे काही जण म्हणतात, आणि त्यांच्याकडे १९८२ च्या विश्वचषकाचा दाखला आहे. स्पेनमधल्या गिहोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या सामन्यात जर्मनीच्या बाजूने १-० हा निकाल दोघांच्याही सोयीचा होता. दहाव्या मिनिटाला गोल झाला, नंतर दोन्ही संघ चेंडू इकडेतिकडे फिरवत राहिले आणि अल्जीरिया बाहेर फेकला गेला. तो अन्यायच होता. पण उपाय हिशेब टाकून देण्याचा झाला नाही. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. तिसऱ्या क्रमांकाच्या तुलनेत ही पळवाट पूर्ण बुजत नाही, कारण शेवटी खेळणाऱ्या गटाला आधीच्या गटांचे आकडे माहीत असतात. मला ही त्रुटी खटकते. म्हणूनच पाहणाऱ्यालाही ते आकडे माहीत हवेत, म्हणजे संघ खेळतोय की वेळ काढतोय हे ओळखता येईल.

२०२६ च्या पुरुषांच्या विश्वचषकासाठी तर ४८ संघ, १२ गट आणि तिसऱ्या क्रमांकाच्या आठ संघांना पुढची वाट, अशी रचना ठरली. म्हणजे बारांतले आठ तिसरे संघ बाद फेरीत. सामना अमेरिका खंडातला असला की आपल्याकडे जागरण ठरलेले, आणि जून-जुलै म्हणजे धानाच्या पऱ्ह्यांचे आणि रोवणीचे दिवस. सगळे सामने पाहणे कोणालाच जमायचे नाही. तेव्हा एकच गट निवडा, वहीच्या पानावर चार संघांची नावे लिहून गुण आणि गोलफरकाचे रकाने आखा, आणि सामना सुरू होण्याआधी ते पान एकदा वाचा.