मिस्त्री गेले, धूळ राहिली
घरदुरुस्ती आणि आरोग्य : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण ओटा आणि फरशी बदलताना घ्यायची काळजी पाहिली. आता काम उरकलंय, डेब्रिजच्या गोण्या खाली गेल्यात आणि घरभर पांढरट थर बसलाय. अशा वेळी हात आधी झाडूकडे जातो. तो तिथेच थांबवा, हे आजच्या भागाचं सांगणं.

दगडाचा ०.१ मिलिमीटरचा कण छतापासून जमिनीवर काही सेकंदांत येतो. त्याच दगडाच्या एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला मात्र अगदी स्थिर हवेतही दहा तासांच्या आसपास लागतात. कटरने ग्रॅनाइट किंवा टाइल कापली की असे बारीक कण अगणित सुटतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसात खोलवर जातात. झाडू मारला की खाली बसलेले कण पुन्हा हवेत उडतात.

ग्रॅनाइट, टाइल, काँक्रीट, वाळूचा गिलावा या सगळ्यांत सिलिका असते. व्यवसायात श्वासावाटे जाणारी स्फटिकरूप सिलिका कर्करोगाला कारणीभूत ठरते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला. सिलिकोसिस मुख्यतः वर्षानुवर्षं या धुळीत राबणाऱ्या कामगारांना होतो. एका दुरुस्तीने घरच्यांना तो होईल, ही भीती नको. पण दमेकरी, तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं यांना खोकला, धाप लागू शकते. सफाई संपेपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा.

काम संपल्यावर पंखे बंद करून खोली रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी खिडक्या उघडा, एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. साधा कापडी रुमाल या कणांना अडवत नाही.

सुरुवात वरून करा : आधी माळा आणि कपाटांचे माथे, मग पंखा, खिडक्या, शेवटी फरशी. पंख्यासाठी जुनी उशीची खोळ किंचित ओली करून पात्यावर चढवा आणि हळू मागे ओढा. धूळ खोळीतच राहते. स्लायडिंग खिडकीच्या खाचेत फुंकर मारू नका, ओल्या ब्रशने ती उचला. पीओपी आणि पुट्टीवर फडकं घट्ट पिळलेलं हवं, नाहीतर चिखल होऊन डाग पडतात. फरशीवर पाणी शिंपडून ओला थर गोळा करा आणि मगच पुसा. दोन बादल्या ठेवा : एक फडकं धुवायला, दुसरी स्वच्छ पाण्याची. गढूळ पाणी मोरीत ओतू नका. सिमेंट पाइपात घट्ट बसतं. गाळ तळाशी बसू द्या आणि तो डेब्रिजच्या गोणीत टाका. एसीची जाळी धुतल्याशिवाय एसी लावू नका. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचाच, तर हेपा फिल्टरचा. साध्या मशीनमधून बारीक धूळ मागून बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा एकदा पुसा, कारण रात्रीतून नवा थर बसलेला असतो.

सिमेंटचे डाग काढायला अनेकजण ॲसिड आणतात. ते ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. संगमरवर आणि कोटा फरशीला ॲसिड खातं, तिथे ते नकोच.

जुन्या घरांत आणखी एक धोका असतो. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट खरवडला असेल, तर त्या धुळीत शिसं असू शकतं. रांगणारं मूल तिथे हात टेकवतं आणि तेच हात तोंडात घालतं. चौकटी आणि दारांखालची फरशी साबणाच्या पाण्याने पुसा, मुलांचे हात वरचेवर धुवा.

शेवटी एक कळकळीची विनंती. बहुतेक घरांत ही सफाई कामवाल्या मावशी करतात, तीही तोंडाला पदर लावून. एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या त्या मावशींच्या वाट्याला अशी धूळ पुन्हा पुन्हा येते. मास्क आणि हातमोजे त्यांनाही द्या, जास्तीच्या कामाचे पैसे द्या, आणि ओल्या फडक्याने पुसायला वेळ लागतो हे मान्य करून घाई करू नका.

पुढच्या आठवड्यात : नव्या रंगाचा वास आणि खोलीतली खेळती हवा.