हरणाच्या शिकारीसाठी कोणती रायफल, कोणती गोळी? | भागाचं शब्दांकन

(बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे, फक्त पाल्हाळ कमी केलं आहे.)

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. आजचा विषय अमेरिकेतला आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हे ऐकून गावाकडे कुणी काही करायला जाऊ नका. इथे मिशिगनमध्ये मात्र १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन उघडतो आणि ऑफिस निम्मं रिकामं होतं. आपल्यातलेही काही जण आता सहकाऱ्यांबरोबर जायला लागलेत. अशाच एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, पहिलीच रायफल घेतोय. मोठीच घेऊ ना, म्हणजे काम पक्कं होईल?"

उत्तर आहे, नाही. का नाही, ते माझ्याच चुकीवरून सांगतो.

माझ्या पहिल्या सीझनला दुकानातल्या माणसाने ३०० विनचेस्टर मॅग्नम माझ्या गळ्यात मारली. रेंजवर दहा गोळ्या झाडल्या आणि खांदा काळानिळा झाला. मग सरावच टाळला. सीझनमध्ये साठ-सत्तर यार्डांवर एक मादी आली. ट्रिगर दाबायच्या आधीच धक्क्याच्या भीतीने माझे डोळे मिटले, अंग आक्रसलं. गोळी छातीत बसायची ती पोटात बसली. अंधार पडेपर्यंत शोधलं. सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, कोयोट्यांनी खाल्लेली. ती रात्र तिने कशी काढली असेल, हा विचार अजून जात नाही. रायफल ताकदवान होती, पण माझ्या हाताला पेलणारी नव्हती.

आकडे वाचायचे कसे?

आपल्याकडे "बारा बोरची" म्हणतात ना, तसंच इथे कॅलिबर. ३०८ म्हणजे गोळीचा व्यास ०.३०८ इंच, साधारण पावणेआठ मिलिमीटर. पण फक्त व्यासावर जाऊ नका. ३०८ विनचेस्टर, ३०-०६ आणि ३०० विनचेस्टर मॅग्नम, तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच! फरक आहे तो मागच्या पितळी काडतुसात आणि त्यात मावणाऱ्या दारूत. म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नाही. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव जुळलंच पाहिजे.

नावांना काही एक नियम नाही. ३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. ३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे मुळात त्यात भरलेली तीस ग्रेन दारू. ग्रेन हे वजन. आपल्या सराफाच्या हिशेबात सांगतो: १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, आणि १५० ग्रेन म्हणजे दहा मासे. हरणासाठी बहुतेक लोक या वजनाची किंवा त्याहून हलकीच गोळी वापरतात.

हरणाला किती लागतं?

इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण साधारण आपल्या चितळाएवढं, कधी थोडं मोठं. रेडा नव्हे! हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरायची जागा साधारण आठ इंचांची, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान. तिथे योग्य गोळी बसली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं.

- २४३ विनचेस्टर: ९५ ते १०० ग्रेनची गोळी. धक्का ३०-०६ च्या जवळपास निम्मा. बारीक अंगाच्या किंवा नव्या माणसाला उत्तम, पण नेम चुकला तर माफी कमी.
- ६.५ क्रीडमूर: २००७ साली आलेलं. धक्का मध्यम, नेम सरळ.
- ३०८ विनचेस्टर: १५० ते १६५ ग्रेन. काडतुसं जवळपास कुठल्याही दुकानात मिळतात.
- २७० आणि ३०-०६: अनुक्रमे १९२५ आणि १९०६ पासूनची. आजही एक नंबर, फक्त खांदा तयार हवा.
- ३०-३०: दाट झाडीत, शंभर-दीडशे यार्डांच्या आत.

तुम्ही राहता कुठे?

दक्षिण मिशिगनमध्ये सपाट शेतं आणि मधूनमधून घरं, त्यामुळे तिथे वरचं एकही काडतूस हरणासाठी चालत नाही. तिथे सरळ भिंतीचं काडतूस लागतं, म्हणजे बाटलीसारखी मान नसलेलं. कॅलिबर .३५ किंवा मोठं, आणि केसची लांबी १.१६ ते १.८० इंचांमध्ये. या गोळ्यांचा वेग लवकर कमी होतो, त्या फार लांब जात नाहीत. ३५० लेजंड हे काडतूस २०१९ साली अशाच राज्यांसाठी आलं. त्याचा धक्काही सौम्य आहे. ४५० बुशमास्टर जास्त जोरदार. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची सरकारी पुस्तिका आधी वाचा. आणि व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्याचे नियम वेगळे आहेत. खरेदीच्या आधी वकिलाला विचारा, नंतर नव्हे.

गोळी निवडताना

खरं सांगू का, कॅलिबरपेक्षा गोळीचा प्रकार महत्त्वाचा. पूर्ण तांब्याच्या वेष्टणातली, लष्करी धाटणीची गोळी स्वस्त असते, पण ती आत उमलत नाही. बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जखमी जनावर दूर पळतं. म्हणून अनेक राज्यांत शिकारीला ती चालत नाही. आपल्याला हवी मऊ टोकाची, आत गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी. बॉन्डेड प्रकारात शिसं आणि वेष्टण एकमेकांना घट्ट धरून राहतात, त्यामुळे तुकडे कमी होतात.

तिसरा पर्याय संपूर्ण तांब्याची गोळी. महाग आहे, पण ऐका. शिशाची गोळी फुटली की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. २००८ साली नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने वाटू नका, असं सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसेमुक्त गोळी सक्तीची आहे. तिथल्या काँडर गिधाडांना शिकारीच्या अवशेषांतून शिशाची विषबाधा होते. आपल्याकडे डायक्लोफेनॅकने गिधाडं गेली, तीच गत. घरात लहान मुलं हे मांस खाणार असतील, तर मी तांब्याचीच घ्या म्हणेन. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. ३०८ मध्ये १६५ ऐवजी १५० ग्रेन घ्या, वेग चांगला राहतो आणि ती नीट उमलते.

शेवटचं

एकाच रायफलीत दोन कंपन्यांची गोळी वेगवेगळ्या जागी लागते. दोन-तीन प्रकारचे डबे आणा, शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडून बघा, आणि जी जवळजवळ लागते तीच सीझनला न्या. ऐनवेळी "सेल होता" म्हणून बदलू नका.

तर दादा, उत्तर मिशिगन असेल तर ३०८ किंवा ६.५ क्रीडमूर; दक्षिण असेल तर ३५० लेजंड. उरलेल्या पैशांचे सरावासाठी डबे आणा. डोळे उघडे ठेवून लागोपाठ पाच गोळ्या ताटात बसेपर्यंत जंगलात जाऊ नका. मी गेलो होतो.

भेटू पुढच्या भागात.