एकाच बाकावरचे दोन कोच
अमेरिकन फुटबॉलची ओळख : भाग 9

गेल्या आठवड्यात आपण एनएफएल संघातल्या कोचांची उतरंड पाहिली. सगळ्यांत वर हेड कोच, त्याच्या हाताखाली आक्रमण, बचाव आणि किकच्या खेळ्या सांभाळणारे कोऑर्डिनेटर आणि त्यांच्याही खाली पोझिशन कोच. आता प्रश्न असा, की आपल्या जागेवर उत्तम ठरलेल्या पोझिशन कोचच्या हाती अख्खा संघ दिला तर काय होतं?

आधी त्याचं काम नीट समजून घेऊ. पोझिशन कोच म्हणजे तालमीतला वस्तादच. डिफेन्सिव्ह लाइनच्या कोचकडे आठ-दहा धिप्पाड गडी असतात. चेंडू हलला की पहिलं पाऊल कुठे पडलं पाहिजे, समोरच्याच्या छातीवर पंजा कसा बसला पाहिजे, कंबर किती खाली राहिली पाहिजे, हे तो त्यांच्याकडून रोज घोटून घेतो. मग खोलीत व्हिडिओ लावून तीच खेळी मागे-पुढे करत प्रत्येकाची चूक दाखवतो. कोण दमला की सरळ उभा राहतो, कोण रागावला की घाई करतो, हे त्याला पाठ असतं. हेड कोचचं काम वेगळ्याच जातीचं. त्याच्याकडे 53 खेळाडू आणि सहायकांचा मोठा ताफा. चौथ्या डाउनला किक मारायची की धोका पत्करायचा, अर्ध्या खेळासाठी मिळालेले तीन टाइमआउट कधी खर्चायचे, मालकाला काय सांगायचं, पत्रकारांना काय सांगायचं, आणि मुळात कोणता सहायक नेमायचा, हे सगळं त्याच्या डोक्यावर. पंजा कुठे ठेवायचा हे शिकवायला त्याला वेळच उरत नाही.

या प्रश्नावर मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते टॅम्पा बेचं उदाहरण. 26 जानेवारी 2003 रोजी टॅम्पा बे बकनीअर्सनी सुपर बोलमध्ये ओकलंड रेडर्सना 48-21 असं धुऊन काढलं. ओकलंडच्या क्वार्टरबॅकला पाच वेळा पाडलं आणि त्याचे पाच पास हवेतच पळवले. त्यांतले चार पळवणारे डेक्स्टर जॅक्सन आणि ड्वाइट स्मिथ हे माइक टॉमलिन यांचे चेले; टॉमलिन डिफेन्सिव्ह बॅक्सचे कोच होते. वॉरन सॅपसारख्या पुढच्या फळीच्या राक्षसांना घडवणारे कोच होते रॉड मरिनेली, व्हिएतनाममध्ये सैनिक म्हणून राहून आलेले. लाइनबॅकर्स सांभाळत होते त्यांचे जावई जो बॅरी. तिघांवरचे कोऑर्डिनेटर मॉन्टी किफिन. इतकी गुणी माणसं एका बाकावर क्वचितच जमतात.

2006 मध्ये मरिनेली यांना डेट्रॉइट लायन्सनी थेट हेड कोच केलं. मध्ये कोऑर्डिनेटरची पायरी नव्हतीच. टॉमलिन एक वर्ष मिनेसोटात बचावाचे कोऑर्डिनेटर राहिले आणि 2007 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, पिट्सबर्ग स्टीलर्सचे हेड कोच झाले. संघातले दोन घरचे उमेदवार, केन व्हिझनहंट आणि आक्रमक फळीचे नावाजलेले कोच रस ग्रिम, यांना बाजूला सारून संघाच्या मालक रूनी घराण्यानं बाहेरच्या तरुणाला निवडलं.

मग आला 2008 चा हंगाम. मरिनेली यांचे लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले. तोवर सोळा सामन्यांच्या हंगामात असं कोणाचंही झालं नव्हतं. मिनेसोटाविरुद्ध त्यांचा क्वार्टरबॅक डॅन ऑर्लोव्हस्की बचावपटूंपासून पळता पळता एंड झोनच्या मागच्या रेषेबाहेर गेला आणि त्याला ते कळलंही नाही. त्याचे दोन गुण मिनेसोटाला मिळाले आणि सामना 12-10 असा गेला. त्याच हंगामात टॉमलिन सुपर बोल जिंकले, तोही टॅम्पाच्याच मैदानावर, आणि समोर ॲरिझोनाच्या बाकावर होते तेच व्हिझनहंट आणि ग्रिम.

मरिनेली आणि टॉमलिन दोघंही बचावातले माहीतगार. त्या वर्षी डेट्रॉइटनं 517 गुण दिले, पिट्सबर्गनं 223. म्हणजे मरिनेली यांचं जिथे प्रभुत्व, नेमकं तिथेच भगदाड पडलं. असं का व्हावं?

माझ्या मते उत्तर नेमणुकांमध्ये आहे. मरिनेली यांनी टॅम्पाची पद्धत जशीच्या तशी डेट्रॉइटला नेली आणि 2007 मध्ये बचावाची सूत्रं जावयाच्या हाती दिली. त्या पद्धतीला सॅप लागतो, टॅम्पाच्या डेरिक ब्रूक्ससारखा लाइनबॅकर लागतो. डेट्रॉइटकडे तसे खेळाडू नव्हते. टॉमलिनही त्याच पद्धतीत वाढलेले. पण पिट्सबर्गमध्ये आधीपासून बचावाचे कोऑर्डिनेटर डिक लबो होते, टॉमलिन यांच्या दुप्पट वयाचे आणि वेगळ्या विचाराचे. टॅम्पात पुढे चार जण आणि मागे तीन लाइनबॅकर. लबो पुढे तीन ठेवत आणि मागे चार. नवा हेड कोच आला की आपली माणसं आणि आपली पद्धत घेऊन येतो, हा तिथला शिरस्ता. टॉमलिन यांनी तो मोडला. लबोंना ठेवलं, त्यांच्या खेळात ढवळाढवळ केली नाही. आपल्याला सगळ्यांत चांगलं येणारं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला मोठी छाती लागते. टॉमलिन यांच्या पहिल्या 18 हंगामांत संघाचे पराभव कधीच विजयांहून जास्त झाले नाहीत.

हेही मान्य करायला हवं, की डेट्रॉइटमध्ये तेव्हा वरपासून गोंधळ होता आणि पिट्सबर्गचे मालक कोच सहसा बदलत नाहीत. कोचला वेळ देणारा मालक लाभणं हाही नशिबाचा भाग. मरिनेली शिक्षक म्हणून कमी होते असं तर मुळीच नाही. पुढच्याच वर्षी शिकागोनं त्यांना डिफेन्सिव्ह लाइनच्या कामावर घेतलं, नंतर कोऑर्डिनेटर केलं, आणि तिथे त्यांचा बचाव लीगमधल्या उत्तम बचावांत गणला गेला.

कोऑर्डिनेटर न होता यशस्वी झालेलेही आहेतच. अँडी रीड ग्रीन बेमध्ये क्वार्टरबॅक कोच होते; 1999 मध्ये फिलाडेल्फियानं त्यांना उचललं, आणि पुढे कॅन्सस सिटीत त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. मात्र मला महत्त्वाचा वाटतो तो डेट्रॉइटचाच पुढचा अध्याय. 2021 मध्ये लायन्सनी पुन्हा एका पोझिशन कोचला, टाइट एंड्सच्या डॅन कॅम्पबेल यांना, हेड कोच केलं. पहिले आठही सामने हरले. नववा बरोबरीत सुटला, 16-16, आणि तो टॉमलिन यांच्या पिट्सबर्गविरुद्ध. दुसऱ्या हंगामात सहापैकी पाच सामने गेल्यावर मालकीण शीला फोर्ड हॅम्प स्वतः पत्रकारांसमोर आल्या आणि कोचच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्याआधी कॅम्पबेल यांनी टाइट एंड्सच्याच कोचला, बेन जॉन्सन यांना, आक्रमणाचे कोऑर्डिनेटर केलं होतं. ओळखीचा माणूस नेमणं हे मरिनेली यांच्यासारखंच, पण जॉन्सन यांच्या चाली खरोखर चालल्या. 2024 मध्ये लायन्सनी सतरापैकी 15 सामने जिंकले.

2025 च्या सुरुवातीला जॉन्सन यांना शिकागोनं हेड कोच म्हणून नेलं, आणि ते गेले कोऑर्डिनेटरच्या खुर्चीतून. पुढच्या आठवड्यात त्या खुर्चीकडे वळू.